ओळंबा

जळगावात माझा स्टुडिओ आहे. पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, पण रविवारी सकाळी हौशी मंडळी लँडस्केप घेऊन येतात आणि आम्ही एकेक फोटो बघतो. मी आधी फोटो उलटा धरतो. मग नदी, डोंगर काही राहत नाही, नुसते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे दिसतात. नजर कुठे अडते ते लगेच कळतं.

'एकच नंबर', 'झक्कास' हे शब्द मी इथे चालू देत नाही. तोरणमाळच्या तलावाला पोपटी रंग चढवलेला, डोंगराच्या कडेला पांढरी झालर उठलेली, आणि खाली पन्नास जणांची वाहवा! अशाने शिकणारा तिथेच थांबतो.

त्या रविवारी रावेरकडचा एक मुलगा स्पर्धेला पाठवायचा, चांगदेव गावाजवळचा फोटो घेऊन आला. केळीच्या बागेत राबणारा, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. तापी-पूर्णेचा संगम, हतनूर धरणाचं बॅकवॉटर, डिसेंबरची पहाट. उंच दरडीवरून घेतलेला. मधोमध पाण्यात अर्धी बुडालेली वाकडी बाभळ, डाव्या कोपऱ्यात नावेचं टोक, मागे धुक्यातला पलीकडचा काठ. उजेड इतका नेमका पकडला होता की धुक्यातही पांढरं फटक काही नव्हतं. मी हे सांगितलं आणि लगेच म्हणालो, "पण होरायझन, म्हणजे क्षितिजाची रेघ, तिरकी आहे, बघ." बारा जणांसमोर लॅपटॉपवर फोटो दोन अंश फिरवला. काठ सरळ झाला. फिरवल्यावर कोपरे छाटले गेले, नावेचं टोक गेलं. मुलगा काही बोलला नाही. स्पर्धेची मुदत त्याच रात्री संपत होती.

रात्री दुकान आवरताना ती फाइल पुन्हा उघडली. काहीतरी खटकत होतं. बाभळीचा शेंडा आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब यांवर पट्टी ठेवली. शांत पाण्यात कुठलाही बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असतात, झाड कितीही वाकडं असो. गवंड्याचा ओळंबाच तो. मुलाच्या फोटोत ती रेषा बरोबर उभी होती. मी फिरवलेल्या फोटोत कलली होती.

तो काठ म्हणजे होरायझन नव्हताच. डावीकडे काठ जवळ, म्हणून फ्रेममध्ये खाली. उजवीकडे लांब गेलेला, म्हणून वर. उंचावरून पाहिलं की तो तिरकाच दिसणार. खरा होरायझन धुक्यात लपला होता. हे मी स्वतः नवख्यांना शिकवतो. तरी त्या दिवशी काठाची रेघ दिसली आणि मी जीभ सैल सोडली. खरं तर त्या तिरक्या काठामुळेच नजर धुक्यात आत जात होती. मी तो आडवा करून चित्र सपाट केलं.

लगेच फोन लावला.

"पाठवला का रे फोटो?"

"हो सर, तुम्ही सरळ करून दिला तोच पाठवला."

मी चूक सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मले वाटलंच व्हतं सर. ट्रायपॉडच्या लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधी व्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही सांगत व्हते ना."

स्पर्धावाल्यांचा नियम, एकदा आलेली प्रवेशिका बदलत नाही. मी विनंती करून पाहिली. असे नियम करणाऱ्यांनी कधी डिसेंबरच्या पहाटे नदीकाठी उभं राहून बघावं.

पण त्या नियमापेक्षा त्याचं ते गप्प बसणं मला जास्त छळतंय. नऊ वर्षांत आणखी किती जण असे गप्प बसले असतील? किती जणांचे काठ मी असे सरळ केले असतील?

दोन्ही प्रिंट काढून ठेवलेत. रविवारी शेजारी शेजारी लावणार आहे, आणि आधी तो बोलेल. त्याच्या फोटोत नावेचं टोक आहे.