एका जागेवरून चौफेर : आमची वाटचाल

ठाण्याच्या नौपाड्यातला आमचा स्टुडिओ आधी लग्नमुंजींचे आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचा. १९९५ साली ॲपलने क्विकटाइम व्हीआर आणलं, म्हणजे संगणकावर चौफेर फिरवून बघता येणारे फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याची एक सीडी हाती लागली, आणि मी व माझी धाकटी बहीण दोघंही त्यावर अक्षरशः लट्टू झालो. माऊसने फोटो धरून ओढला की खोली फिरायची, दारावर क्लिक केलं की पुढची खोली उघडायची. हे काम आपण करायचंच, असं तेव्हाच ठरलं.

फोटो माझ्याकडे आणि प्रोग्रॅमिंग तिच्याकडे, अशी वाटणी झाली. ती मॅक्रोमीडिया कंपनीचं डायरेक्टर शिकली, फोटो, आवाज आणि क्लिक एकत्र आणणाऱ्या सीडी बनवायचं सॉफ्टवेअर. पडद्यावर पॅनोरमा, म्हणजे एका जागेवरून चौफेर काढलेले फोटो जोडून केलेला सलग फोटो, बाजूला नकाशा आणि मागे लिंगो या डायरेक्टरच्याच भाषेतली स्क्रिप्ट. बघणाऱ्याची नजर किती अंशांवर आहे हे स्क्रिप्ट सतत तपासायची आणि नकाशावरचा बाण तसा वळवायची. मशीनकडे तोंड केलं की मशीनचा आवाज वाढायचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही प्रशिक्षणाची सीडी केली. नवा कामगार आत पाऊल टाकण्याआधीच व्हॉल्व्ह, डोळे धुण्याचा शॉवर आणि बाहेर पडायचा रस्ता पडद्यावर शोधून काढायचा. या कामाचा उपयोग काय, हे त्यानंतर आम्हाला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मात्र सगळी मदार फोटोवर. २८ मिमीची लेन्स, कॅमेरा उभा, दर ३० अंशांना एक याप्रमाणे १२ फोटो. शेजारच्या दोन फोटोंत साधारण एक तृतीयांश भाग सारखा येतो, जोडणी त्यावरच होते. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरून चालत नाही, ज्याभोवती फिरवलं तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींपासून सरकत नाहीत, त्या लेन्सच्या बिंदूभोवती फिरावा लागतो. त्याला आम्ही नोडल पॉइंट म्हणतो. तो शोधायला जवळचा खिडकीचा गज आणि लांबच्या इमारतीची कड एका रेषेत धरायची आणि कॅमेरा वळवायचा. उजवीकडे वळवल्यावर गज डावीकडे सरकला तर कॅमेरा ज्या पट्टीवर बसवलाय तिच्यावर मागे घ्यायचा, उजवीकडे सरकला तर पुढे. गज जागचा हलेनासा झाला की पट्टीवर खूण करायची. ती एल आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. ती आजही वापरात आहे.

त्या काळच्या पॅनोरमात छत आणि जमीन यायची नाही. २००१ मध्ये क्विकटाइम ५ आलं आणि वर-खालीही बघता येऊ लागलं. मग डिजिटल कॅमेरे आले, घोडबंदर रोडवर सॅम्पल फ्लॅटची कामं मिळू लागली, धंदा वाढला.

पण सॉफ्टवेअर टिकलं नाही. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, २०१७ मध्ये डायरेक्टरची विक्री थांबली, डायरेक्टरची कामं ब्राउझरमध्ये चालवणारं शॉकवेव्ह २०१९ मध्ये गेलं आणि तशाच कामाचं फ्लॅश २०२० च्या अखेरीस. जुन्या ग्राहकांचे फोन यायला लागले, 'सीडी चालत नाही हो!' आमच्याकडे प्रत्येक कामाची निगेटिव्ह, न जोडलेले स्कॅन आणि कुठल्या अंशावर काय उघडायचं याची साध्या टेक्स्ट फाइलमधली यादी जपलेली होती. बहिणीचा तो आग्रह पहिल्यापासूनच. त्यामुळे फोटो पुन्हा जोडले आणि त्याच टूर, म्हणजे पडद्यावर जागेतून फिरवून आणणारी ती कामं, वेबजीएलवर उभ्या केल्या. हे तंत्र वेगळं सॉफ्टवेअर न टाकता थेट ब्राउझरमध्येच चालतं. आजही नव्या ग्राहकाला तयार टूरसोबत हा सगळा कच्चा माल आम्ही देतोच.

हल्ली एका क्लिकमध्ये ३६० अंश टिपणारे छोटे कॅमेरे मिळतात. मोकळ्या जागेत ते छान काम देतात. पण त्यांच्या दोन लेन्समध्ये अंतर असतं, त्यामुळे छोट्या खोलीत जवळच्या वस्तूवर सांधा दिसतो. घरांसाठी आम्ही अजूनही ट्रायपॉडच लावतो.

आणि सध्या घरांचंच काम सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत. तिथली घरं आम्ही पाडण्याआधी टिपून ठेवतो. देवघरावर क्लिक केलं की आजींच्या आवाजातली आरती, झोपाळ्यावर क्लिक केलं की तो कुणी आणला त्याची गोष्ट. आमची विनंती एकच : सामानाची बांधाबांध सुरू करण्याआधी आम्हाला बोलवा, आणि आवराआवर करू नका. भांड्यांची मांडणी, दारामागचे कपडे, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जिथल्या तिथे राहू द्या.