पेपरात उगवलं, वावरात नाही

नागपुरात बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये मला अकरा वर्षं झाली, पण या जूनमधली एक केस डोक्यातून जातच नाहीये. काटोलकडचे एक काका थेट टेबलापाशी आले, हातात स्टीलचा डबा, त्यात वावरातून उकरून आणलेलं सोयाबीन. त्यांच्या तक्रारीतल्या सॅम्पलचा रिपोर्ट मीच केलेला, उगवण 76 टक्के, नियमाने 70 लागते, म्हणजे पास.

"काऊन जी म्याडम, तुमच्या पेपरात उगवते अन् माह्या वावरात काऊन नाही?"

डब्यातले दाणे फुगून परत आक्रसलेले, सालीला सुरकुत्या, बऱ्याच दाण्यांचं मूळ टोकभर बाहेर येऊन तपकिरी पडलेलं. पावसाच्या एका सरीवर पेरलं आणि नंतर नऊ दिवस ऊन. सोयाबीनचा दाणा स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी ओढतो तेव्हा कुठे मूळ निघतं, आणि एकदा ते निघालं की वाळणं त्याला सहनच होत नाही. त्यात आपली काळी माती, हाताला ओली लागते पण पाणी इतकं घट्ट धरते की दाण्याला मिळत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे दरवर्षी सांगतात, पण शेजारची तिफण चालू झाली की कोणाला धीर धरवतो, आणि "घाई केली, भोगा" म्हणणारे आमच्यातलेच लोक कधी वावरात उतरलेले नाहीत.

आमच्या टेस्टमध्ये 400 दाणे, ओल्या टॉवेल पेपरचे रोल, 25 डिग्री, आठव्या दिवशी शेवटची मोजणी. तिथे दाण्याला तहान लागतच नाही! म्हणून त्यांचा लॉट आणि दुसरा एक पास झालेला लॉट मी पीईजी 6000 (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) च्या द्रावणात लावला, लिटरमागे साधारण 150 ग्रॅम, म्हणजे पाण्याचा ताण उणे 0.3 मेगापास्कलच्या आसपास, आकडा जितका उणे तितकं दाण्याला पाणी ओढायला जड. पीईजी दाण्यात शिरत नाही, नुसतं पाणी अडवून धरतं. द्रावण नीट विरघळायला वेळ लागतो, मी ते रात्रभर ढवळत ठेवलं, घाई केली तर आकड्यांना अर्थ नाही. आठव्या दिवशी दुसऱ्या लॉटचे निम्म्याहून जास्त दाणे उगवलेले, कोंब आखूड पण मुळं लांब, पाणी शोधत खाली गेलेली. काकांच्या लॉटचे बहुतेक दाणे फुगून तिथेच अडकलेले.

पाण्यात दोन्ही लॉट सारखेच पास होते. हे लिहायला रिपोर्टात रकाना नाही, साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले नियमात बसत नाही. काकांना फोन करून सांगितलं, तोवर त्यांची दुबार पेरणी आटोपली होती, बियाणं उधारीवर आणलेलं. या नव्या बियाण्याचा लॉट नंबर विचारला तर म्हणाले, पिशवीवर बघून सांगतो.