आठव्या दिवशी कुठे असशील?

सिझर कोणी केलंय हे केसपेपर न बघता मला सांगता येतं. पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात ड्रेसिंगची ट्रॉली ढकलण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे गॉज उचलला की शिवणारा हात ओळखू येतो. आमच्या मोठ्या मॅडमचे मॅट्रेस टाके सारख्या अंतरावर, गाठी सगळ्या एका बाजूला, जखमेच्या रेघेवर एकही नाही. बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेल्या एका डॉक्टरांचे टाके इतके आवळलेले असायचे की दुसऱ्या दिवशी सूज चढली की नायलॉन कातडीत रुतायचं. त्यांचा बाँड संपला, हात पुढे सुधारलाही असेल, पण त्या बायकांच्या ओटीपोटावर शिडीसारखे वण राहिले ते राहिलेच.

टाका घालणारा माणूस तो टाका निघताना सहसा समोर नसतो, ही आमच्या कामातली मोठी खोट आहे. गर्भाशय शिवून झालं, रक्तस्राव थांबला, शीथ, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरचं घट्ट आवरण, बंद झालं की ऑपरेशन थिएटरमधला ताण उतरतो. भूलतज्ज्ञांना दुसऱ्या दवाखान्यात जायचं असतं, पुढची केस बाहेर कण्हत असते. कातडी म्हणजे शेवटचं काम, ज्युनिअरवर सोडायचं. मला हे कधीच पटलं नाही आणि या जानेवारीत आलेल्या एका बाईनंतर तर अजिबात पटत नाही.

आमचं उपजिल्हा रुग्णालय साखरपट्ट्यात आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की बीडकडच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपेपर्यंत आमच्या लेबर रूममध्ये त्या बायका असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. बाई बाळंतपणाला बसली की अर्धा कोयता बसला, आणि खाडा उचलीत चढतो. हे समजून न घेता ‘तुम्हाला स्वतःच्या जिवाची काळजीच नाही’ असं त्यांना तोंडावर सुनावणारे आमच्या स्टाफमध्येही आहेत. मला त्याचा संताप येतो.

ही बाई धारूरकडची, जेमतेम विशीची. एक हात ओटीपोटावर दाबून, कमरेत वाकून चालत आली. पुढे सासू, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन.

“सिस्टर, टाके काढायचेत हिचे.”

“किती दिवस झाले, मावशी?”

“आवसंच्या आदल्या राती झालंय बघा.”

कॅलेंडर बघितलं. एकोणिसावा दिवस होता.

टेबलावर घेतली. जखमेवर गॉज नव्हता, जुन्या लुगड्याची घडी घातलेली चिंधी होती आणि ती चिकटली होती. सलाईनने भिजवली, थांबले, पुन्हा भिजवली. चिंधी सुटली तेव्हा खाली टाके नव्हते. स्टेपल होते, धातूच्या पिना. चोवीस.

“पिना मारल्यात,” ती म्हणाली. “लुगडं अडकतंय. नाडी बांधता येत न्हाई. काढा ताई एकदाच्या.”

हकिकत तुकड्यातुकड्यांनी कळली. टोळी आधी दुसऱ्या जिल्ह्यात होती. रात्री कळा सुरू झाल्या, सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ नव्हते, मुकादमाने खाजगीत नेलं. बिल त्यानेच भरलं आणि उचलीत लिहिलं. चौथ्या दिवशी सुट्टी देताना ‘आठव्या दिवशी या’ सांगितलं होतं. सहाव्या दिवशी कारखान्याने टोळी दुसऱ्या गटात हलवली, ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. तिथल्या उपकेंद्रात गेली तर तिथल्या नर्सने, एएनएमताईंनी, हात जोडले, आमच्याकडे याचं हत्यार नाही. एका खाजगी डॉक्टरांनी ‘ज्यांनी मारल्या त्यांच्याकडेच जा’ म्हणून परत पाठवलं. मग खोपीवर तिच्या नवऱ्याने पकडीने एक ओढून बघितली. उजव्या कोपऱ्यावर जखम उकलली होती ती तिथेच. आणि बारा-तेरा दिवसांची बाळंतीण असताना ती पुन्हा फडात गेली होती. मी रागावले तर समजूत घातल्यासारखं म्हणाली, “मोळी न्हाई उचलत ताई, नुसती वाढं बांधते.” वाढं म्हणजे उसाचे शेंडे. ते बांधायचे म्हणजे दिवसभर कमरेत वाकायचं.

स्टेपल काढायला रिमूव्हर लागतो. त्याचे खालचे दोन दात पिनेखाली सरकवायचे, वरचा दात मधोमध दाबायचा, की पिन मधून दुमडते आणि तिचे दोन्ही पाय कातडीतून अलगद वर येतात. मिनिटभराचं काम, फारसं दुखतही नाही. आमच्याकडे रिमूव्हर नव्हता, कारण आमच्याकडे स्टेपल कोणी मारत नाही. उपकेंद्रात तर प्रश्नच नाही. तिथल्या ताई टाके उत्तम काढतात, पण त्यांच्या ट्रेमध्ये कात्री आणि फोर्सेप असतो, एवढंच.

मी दोन मॉस्किटो आर्टरी, म्हणजे बारीक टोकाचे चिमटे घेतले. पिनेच्या आडव्या दांडीचं एक टोक एका आर्टरीत, दुसरं दुसऱ्या आर्टरीत धरायचं आणि दोन्ही मनगटं एकदम बाहेरच्या अंगाला वळवायची. दांडी वाकते, पाय सुटतात. एक मनगट जरा आधी वळलं तर पिन तिरकी होते आणि आतला पाय ओरबाडत येतो. त्यामुळे घाई नाही. प्रत्येक पिनेभोवतीची खपली आधी भिजवून मऊ केली. आधी एक सोडून एक काढली, कडा धरून आहेत ना बघितलं, मग उरलेल्या. तीन पिनांवर कातडी चढली होती, दांडी दिसतच नव्हती. तिथे मॅडमनी बधिर करायला लिग्नोकेन टोचलं आणि सुईच्या टोकाने वाट करून दिली. नाडी घासून डाव्या बाजूच्या पिनांखाली कातडी सोलून लाल झाली होती. ती बाई टेबलाची दांडी धरून पडून होती, हूं की चूं केलं नाही. शेवटची पिन किडनी ट्रेमध्ये पडल्यावर तिने एकच विचारलं, “आता नाडी बांधू का?”

उजवा कोपरा दीडेक सेंटीमीटर उघडा होता, पिवळसर पाणी येत होतं. मॅडमनी खोली तपासली. शीथ शाबूत. लोकांना वाटतं वरच्या टाक्यांनी पोट धरलेलं असतं. नातेवाईक पहिला प्रश्न ‘किती टाके पडले?’ हाच विचारतात आणि आकडा मोठा असला की तोंडं उतरतात. पोट धरतं ते आतलं शीथ. कातडीचे टाके फक्त कडा जुळवून ठेवतात, कातडी स्वतः सांधेपर्यंत. आणि जखम चिघळू नये म्हणून बाळंतिणीचा वरण-भात बंद करतात, त्याने तर माझं डोकं उठतं. आधीच हिमोग्लोबिन आठ, त्यात पोटात अन्न नाही. जखम भरायची कशाने?

त्या दिवशी वॉर्डात नवीन आलेल्या डॉक्टर मुलीने सरळ विचारलं, “मॅडम, पण स्टेपलमध्ये वाईट काय? कॉलेजला आम्ही मारायचो. ऑपरेशनची चांगली सात-आठ मिनिटं वाचतात.” प्रश्न रास्त होता. पाठोपाठ चार सिझर असली की ती मिनिटं खरी असतात. मॅडम अभ्यास वाचणाऱ्या. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत ७४६ बायकांवर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, २०१४ मध्ये छापून आली. टाके घातलेल्यांत जखमेची तक्रार ४.९ टक्क्यांना, स्टेपलवाल्यांत १०.६ टक्क्यांना. मुख्य फरक जखम उकलण्यातच होता, १.६ विरुद्ध ७.४. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही कडा उकलू नयेत म्हणून स्टेपलऐवजी टाक्यांचा विचार करा म्हणतात. धाग्या-धाग्यांतही फरक आहे. २०१७ च्या एका अभ्यासात कातडीखालून घातलेल्या टाक्यासाठी मोनोक्रिल व्हिक्रिलपेक्षा (दोन्ही विरघळणारे धागे) सरस ठरलं, तक्रारी ८.८ टक्के आणि १४.४ टक्के. म्हणजे ‘स्टेपल आधुनिक, टाके गावठी’ हा समज, जो पैसे मोजणाऱ्या नातेवाइकांत मी रोज ऐकते, तो उलटा आहे.

ऐकताना माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. पिना काढायला बाई परत येणार हे त्या हिशेबात गृहीत आहे. माझ्यासमोरची बाई परत जाऊ शकत नव्हती. तिच्यासाठी तुलना धाग्याची आणि धातूची नव्हती. जे घातलंय ते काढणारा तिला कुठे भेटेल, हा तिचा प्रश्न होता.

तसं बघितलं तर विरघळणारा सबक्युटिक्युलर टाका सगळ्यांत सोयीचा. मोनोक्रिल ३-०, कातडीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बाहेर काही दिसत नाही, काढायचं काही नाही. खाजगीत याचंच ‘बिनटाक्याचं सिझर’ म्हणून कौतुक सांगतात. त्याच पद्धतीने न विरघळणारं प्रोलिन घालतात तेव्हा मात्र तो धागा आठवड्या-दीड आठवड्याने सरळ रेषेत, एकाच ओढीत काढावा लागतो. बाई उशिरा आली की धागा आत धरून बसतो आणि मधेच तुटतो. वरून दोन्ही सारखे दिसतात. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसेल तर आत काय आहे ते मला कळायला मार्ग नाही.

मग सगळ्यांना मोनोक्रिलच का नाही? एक तर ते आम्हाला कधी येतं, कधी नाही. दुसरं कारण मॅडमचं, आणि त्यात तथ्य आहे. टोळीतली बाई बहुतेकदा उशिरा येते. पाणी जाऊन खूप तास झालेले, आधी कोणी कोणी हात घालून तपासलेलं. अशा जखमेत पू होण्याची भीती जास्त. सुटे टाके असले तर खाली साचलं की मी दोन टाके कापते, पाणी मोकळं होतं, बाकीची जखम धरून राहते. एकसलग टाक्याला एका जागी कापलं की सगळी रेघ सैल पडायची भीती. म्हणून मॅडम अशा केसला सुटं नायलॉन घालतात. पण नायलॉन आठव्या दिवशी काढावं लागतं. जिला विरघळणाऱ्या टाक्याची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच तो देताना हात कचरतो. यावर आमचं वॉर्डात आजही जमत नाही.

माझं म्हणणं, नायलॉन घालायचं तर टाके काढूनच सुट्टी द्या. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरनंतर सात दिवसांचं जेवण मोफत आहे, घरी सोडायला गाडी आहे. मॅडम म्हणतात, कागदावर आहे, पण चौथ्या दिवशी मुकादम दारात उभा राहतो आणि बाई सही करून निघते, खाटा तर तशाही कमीच आहेत. दोघींचंही खरं आहे.

धारूरच्या त्या बाईला मी रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी नवरा आला, पट्टीचं सामान मागायला. गॉज, सलाईन, चिकटपट्टी बांधून दिली, हात धुऊन कसं करायचं ते त्याला स्वतःच्या हाताने करायला लावून दाखवलं. त्याने ते इतक्या निगुतीने केलं की पकडीबद्दल त्याला बोलायचं माझ्या मनातून उतरलं. तिच्या हातात पकड दिली असती तर तिनेही तेच केलं असतं. ओढणारा दोषी नाही. पिना मारून नुसतं ‘आठव्या दिवशी या’ म्हणणाऱ्याने एक रिमूव्हर कार्डाला टाचून दिला असता तर उपकेंद्रात ते काम मिनिटात झालं असतं.

तिच्या डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन होतं, औषधं होती, आणि ‘सिझर, गुंतागुंत नाही’. कातडी कशाने शिवली याचा एक शब्द नव्हता. आमची कार्डंही त्याआधी फार वेगळी नव्हती. आता मी प्रत्येकीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिते: नायलॉनचे टाके सात, अमुक तारखेला काढणे, किंवा विरघळणारा धागा, काढू नये. हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. रिमूव्हरसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्रही टाकलं होतं. ‘संस्थेत स्टेपलर वापरात नसल्याने आवश्यकता नाही’ असा शेरा मारून ते परत आलं. ज्यांनी शेरा मारला त्यांनी एकदा ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसावं. पुन्हा टाकलंय.

गेल्या महिन्यात टोळीतलीच दुसरी एक बाई आली, पाणी जाऊन रात्र उलटलेली. मॅडमनी शेवटी मधला रस्ता काढला. नॉर्मल बाळंतपणात खाली छेद देतात तिथल्या टाक्यांसाठी येतं ते लवकर विरघळणारं रॅपिड व्हिक्रिल घेतलं आणि सुटे टाके घातले. पू झाला तर एखादा कापता येतो, नाही झाला तर आपोआप गळतात. कातडीवर लाली थोडी जास्त दिसली, पण चौथ्या दिवशी जखम कोरडी होती. त्याच दिवशी ती गेली. टाके गळले का, कडा कशा आहेत, हे विचारायला मी नंबर घेऊन ठेवला होता. फोन मुकादमाने उचलला. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गावाला गेली म्हणाला. आता तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर शोधतेय.