रोरीच का?

नागपुरात बसून एका आयरिश गिटारवाल्याचं एवढं वेड कशाला, तेही १९९५ सालीच गेलेल्या माणसाचं, असं तुम्ही नेहमी विचारता. सीताबर्डीच्या गर्दीत टी-शर्ट बघून विचारता, घरी आलात की स्पीकर ऐकून विचारता. तर सांगतो.

रोरी गॅलाहर वेगात वाजवायचा म्हणून नाही. वेगात वाजवणारे आता पोत्यानं मिळतात. मला तो आवडतो, कारण तो जायचा. १९७०च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणात बॉम्ब फुटत होते, रस्त्यावर सैनिक उभे होते, बाहेरचे बरेच बँड तिथल्या बेलफास्ट शहराचं नाव काढत नव्हते. हा मात्र परत परत जायचा. बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोट्टे एकाच छताखाली बोंबलायचे.

हे नागपूरकराला जसं लागतं तसं मुंबईकराला लागणार नाही. रोरी वाजवायचा त्या ब्लूज संगीताचा मोठा महोत्सव भरणार तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. आपण विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं आणि कुणा मावशीकडे पथारी टाकायची. ‘नागपूरला पब्लिक नाही’ हे ऐकून तर कान किटले. पब्लिक आहे हो, तुम्ही या तर!

आणि ती गिटार! १९६१ची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, रोरीनं १९६३ साली, पंधराव्या वर्षी, आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या दुकानातून शंभरेक पौंडांना उधारीवर घेतलेली. स्टेजवर इतका घामाघूम व्हायचा की तिचा रंग उडून खालचं लाकूड दिसायला लागलं. त्यानं तसंच राहू दिलं. मे महिन्यात लाइट गेल्यावर आपली जी कळा होते, ती हा माणूस आयर्लंडच्या जानेवारीत करून घ्यायचा.

सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची वेगळी रेकॉर्ड, काढायला तो राजी नसे, त्यामुळे रेडिओवरून घराघरांत पोचणं त्याला जमलं नाही. खरा रोरी लाइव्ह अल्बममध्येच. स्टुडिओतलं ऐकून मत बनवू नका, ते त्याच्या मानानं शहाण्या मुलासारखं आहे.

कुठून सुरू करू, हेही विचारालच. जानेवारी १९७४च्या दौऱ्यावरचा ‘आयरिश टूर ७४’ लावा, त्यातलं ‘अ मिलियन माइल्स अवे’. १९७३चं स्टुडिओतलं नंतर ऐका. लाइव्हवालं नऊ मिनिटांच्या वर आहे. मधे फोन आला तर घेऊ नका, माझा असला तरी.