उचल, खाडा आणि पवित्र शास्त्र

लहानपणी देव आणि मुकादम यांच्यात मला फारसा फरक वाटायचा नाही.

मी बीड जिल्ह्यातली. आई-बाप ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या कोयत्यावर मुकादम हंगामाआधी उचल देतो, त्यात कुणाचं लग्न होतं, कुणाचा दवाखाना भागतो. मग फडात राबून ती फेडायची. आजारी पडून एक दिवस कोपीत बसलं की खाडा, त्याचे पैसे वेगळे कापणार. हंगाम संपताना बाकी निघाली की पुढच्या वर्षीही तोच मुकादम. आईला मुकादमाची हिशेबाची वही वाचता येत नव्हती. मी वाचायला शिकले, पण वही कुणी दाखवली नाही.

देवाचंही मी असंच धरून चालले होते. काही चांगलं झालं की पोटात गोळा यायचा, आता हे फेडावं लागणार. वाईट झालं की कुठला नवस राहिलाय ते शोधायचं. आईला यात बोल लावत नाही. तिची विठ्ठलावरची माया हिशेबातली नाही. हिशेब माझ्या डोक्यात होता.

नोकरीला जालन्यात आले. शेजारच्या खोलीत एक निवृत्त नर्स राहायच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. जालन्यात ख्रिस्ती माणसं आजची नाहीत. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं इकडं आले आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. मावशींकडून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला घेतलं तेव्हा मनात श्रद्धा वगैरे काही नव्हती. संध्याकाळी खोलीवर करमायचं नाही, एवढंच.

त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि पहिल्या पानावरच्या वंशावळीत अडकले. मावशी म्हणाल्या, "ते राहू दे, मार्क वाच. सोळाच अध्याय आहेत."

मार्कच्या पाचव्या अध्यायात एक बाई आहे. बारा वर्षं तिला रक्तस्राव होतोय. वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं गेलं आणि दुखणं उलट वाढलं. ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं 2019 साली आमच्या जिल्ह्यातून बाहेर आली, पेपरात छापून आली. अशा बायका मी घरात, भावकीत पाहिल्यात. त्यामुळं ही बाई मला ओळखीचीच वाटली. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. येशू थांबून विचारतो, मला कोण शिवलं? ती थरथर कापत पुढं येते. इथं मी पुस्तक मिटलं. पुढं काय होणार ते मला माहीत होतं ना! न विचारता घेतलं, आता भरून दे. रात्री पुन्हा उघडलं तर तो तिला "मुली" म्हणतो आणि शांतीनं जा म्हणतो. वसुली नाही, दंड नाही. सगळ्यांच्या देखत मुलगी म्हटलं तिला.

त्यानंतर मी याच एका गोष्टीचा माग काढत वाचत गेले. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो की दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाचं रोमकरांस पत्र मात्र जड गेलं. सहाव्या अध्यायात तो पापाच्या दास्यातून सुटून देवाचे दास झालात म्हणतो, तेव्हा वाटलं, म्हणजे नुसता मुकादमच बदलला की! मावशींना तसं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आठव्यापर्यंत जा, मग भांड. आठव्यात तोच पौल लिहितो की पुन्हा भ्यावं असा दास्याचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, तुम्ही लेकरं आहात, देवाला अब्बा, बापा अशी हाक मारता. आणि कलस्सैकरांस पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपल्या विरुद्धचा कर्जाचा लेख खोडून वधस्तंभाला ठोकला असं आहे. ही ओळ मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "वहीच ठोकली म्हन की."

सगळं इतकं सरळ झालं नाही. मध्ये मी एका प्रार्थनासभेला जाऊ लागले होते. तिथं दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, किती दिला, उपास किती केले, त्यावर आशीर्वाद मोजायचे. कुणाचं मूल आजारी पडलं की विश्वासात कुठं कमी पडलात ते विचारायचे. येशूच्या नावानं पुन्हा खाडाच! गलतीकरांस पत्र मी त्या दिवसांत वाचलं. ख्रिस्तानं मोकळं केलेल्या माणसांनी परत मानेवर जू घेतलं म्हणून पौल त्यांना चक्क बुद्धिहीन म्हणतो. सहा अध्यायांचं पत्र आहे, पण असा चिडलेला पौल मला फार जवळचा वाटला. त्या सभेला जाणं मी सोडलं. आता मावशींच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाते. तिथं पेटी-टाळावर ना. वा. टिळकांचे अभंग म्हणतात, एकदा आई आली होती तर चाल लगेच धरली तिनं.

बाप्तिस्मा अजून घेतलेला नाही. आम्ही अनुसूचित जातीतले, आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. मी सरकारी भरतीचे फॉर्म भरते, त्यामुळं भावाला काळजी आहे. त्याची काळजी खोटी नाही. पाळकांनी घाई केलेली नाही, हे मला आवडलं. बाप्तिस्मा घेतल्यावर जुना जातीचा दाखला फॉर्मला जोडायचा नाही, एवढं मी भावाला सांगून टाकलंय. कधी घ्यायचा ते आई हंगामावरून परत आली की ठरवू.