बंड्यासोबत डोंगरात दोन रात्री

घाटाच्या तिसऱ्या वळणावर आमच्या कुत्र्याची, बंड्याची, लाळ गळायला लागली आणि सहाव्या वळणावर त्याने मागच्या सीटवर सगळं बाहेर काढलं. चूक त्याची नव्हती. एवढ्या लांब उपाशी कसं न्यायचं, म्हणून निघायच्या अर्धा तास आधी मीच त्याला पोटभर खाऊ घातलं होतं. लाळ, लागोपाठ जांभया, सारखे ओठ चाटणं ही गाडी लागत असल्याची लक्षणं. ती तिसऱ्या वळणावरच ओळखून गाडी बाजूला घेतली असती, तर पुढचा तासभर सीट पुसत बसावं लागलं नसतं.

परतताना शहाणपण आलं होतं. शेवटचं खाणं निघण्याच्या पाच तास आधी, वाटेत फक्त घोट-घोट पाणी, खिडकी थोडी उघडी आणि दर दीड तासाला दहा मिनिटं चालणं. एकदाही उलटी झाली नाही. ज्यांच्या कुत्र्याला नेहमीच गाडी लागते, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. मॅरोपिटंट नावाचं औषध मिळतं, पण ते निघायच्या दोन तास तरी आधी द्यावं लागतं, आणि मात्रा वजनावर ठरते. आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नये.

राहायची जागा 'पेट फ्रेंडली' होती. फोनवर मी एकच प्रश्न विचारला, 'कुत्रा चालेल ना?' ते म्हणाले, चालेल. चालेल म्हणजे काय, ते तिथे पोचल्यावर कळलं. खोलीत चालेल, जेवणघरात नाही. खोलीत एकटा ठेवायचा नाही. आणि आवारात त्यांचा स्वतःचा एक भलामोठा कुत्रा मोकळा फिरत होता, त्याला बंड्या अजिबात चालणार नव्हता. म्हणून दोन्ही दिवस एकाने जेवायचं आणि दुसऱ्याने खोलीत पहारा द्यायचा, असं आमचं सहजीवन चाललं.

त्यात खोली वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, पायऱ्यांमधून खालची जमीन दिसणारा. बंड्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, फटीतून खाली पाहिलं आणि बसकण मारली. त्याचं वजन एकोणीस किलो आहे. दिवसातून पाच वेळा त्याला बाहेर न्यावं लागतं. बाकी हिशेब तुम्हीच करा. तेव्हा फोनवर हे सगळं विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, आवाराला कुंपण आहे का, तिथे आधीचे कुत्रे आहेत का, वजनाची किंवा आकाराची अट आहे का, जेवताना त्याला कुठे ठेवायचं.

पहिल्या रात्री तो झोपलाच नाही. डोंगरातली शांतता आपल्याला सुखाची वाटते. त्याला त्या शांततेत पाखरू फडफडलेलंही ऐकू येतं. घरची न धुतलेली चादर नेली होती, ती मध्यरात्री आठवली. अंथरल्यावर तो त्यात नाक खुपसून तासाभरात झोपला. नवं अंथरूण विकत घेऊ नका, जुनं आणि वासाचंच न्या.

शनिवारी गावातल्या एका दुकानात दोघांनाही एकदम जायचं होतं. हवा इतकी गार, की 'पाचच मिनिटं गाडीत बसेल' असं तोंडातून निघून गेलं. नशिबाने दोघांपैकी एकजण भानावर होता. बाहेर 24 अंश असलं, तरी उन्हात बंद गाडी अर्ध्या तासात 43 अंशांच्या आसपास जाते आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. हवाच तापली की धापांचाही उपयोग होत नाही.

मग मोठी वाट धरली. फलकावर चार तास लिहिले होते. पहिल्या तासात बंड्या आमच्या पुढे होता, म्हणून आम्हीही खूश. कुत्रा दमल्याचं सांगत नाही, मालक चालतोय म्हणून चालत राहतो. दुसऱ्या तासात तो सावली दिसेल तिथे थांबायला लागला, तेव्हा त्याचे पंजे पाहिले. घरच्या फरशीवर मऊ झालेले तळवे धारदार खडीने सोलले होते. परत फिरलो. जागा जितकी उंच तितकी जास्त सावधगिरी हवी: अडीच हजार मीटरवर हवेत प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. चपट्या नाकाच्या, म्हाताऱ्या किंवा हृदयरोग असलेल्या कुत्र्याला तिथे नेण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. पहिला दिवस नुसता लोळण्यासाठी ठेवा.

वाटेतला ओढा स्वच्छ दिसत होता, तरी प्यायला घरचंच पाणी दिलं. वर कुठेतरी जनावरं असतातच. साचलेल्या डबक्यांपासून तर लांबच ठेवा. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तिथूनही होऊ शकतो. लसींची वही जवळ ठेवा, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्या गावात जनावरांचा डॉक्टर आहे का आणि रविवारी असतो का, हे आधीच विचारून घ्या. आम्ही तळवे सोलल्यावर विचारलं. नव्हता. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, मोजे बांधून भागलं.

रविवारचा सूर्योदयाचा पॉइंट रद्द केला. खोलीमागच्या झाडाखाली तिघेही पसरलो. बंड्याने दोन तास फक्त वास घेतले: एका दगडाचे, मग दुसऱ्या दगडाचे, मग पुन्हा पहिल्याचे. मला वाटतं, त्याची सहल तेवढीच होती.

संध्याकाळी अंग तपासलं, तेव्हा कानामागे एक आणि बोटांच्या बेचक्यात एक अशा दोन गोचिडी सापडल्या. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून, न पिळता, सरळ ओढून काढायच्या. तेल, काडी, मेणबत्ती असले उद्योग नकोत. बगल, शेपटीखाली आणि गळपट्ट्याच्या आतही बघा.

आपलं सामानही झटका. तिसरी गोचीड बुधवारी सापडली, माझ्या बुटाच्या नाडीत.