हिरवा चहा गंजात उकळू नका

चिनी हिरवा चहा पहिल्यांदा प्यायलेला माणूस बहुधा एकच सांगतो: कडू हाय. कडू होणारच, गंजात टाकून खळखळ उकळला तर! आपली दाणेदार पत्ती उकळी सोसते, कारण वरून दूध-साखर तिचा तुरटपणा झाकते. झाड दोन्हीचं एकाच जातकुळीचं. फरक एवढाच की चिनी पानं काळी पडण्याआधीच तापलेल्या कढईत भाजतात. चीनमधल्या हांगझोऊ शहराचा लोंगजिंग चहा तर भाजताना दाबतात, म्हणून त्याचं पान चपटं.

उकळत्या पाण्यात कडू-तुरट अंश भराभर उतरतात. गोडसर चवीला एवढी आच लागत नाही, म्हणून पाणी 80 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसला तरी चालतं. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं, की झालं.

200 मिली पाण्याला 3 ग्रॅम पत्ती, वेळ दोन मिनिटं. चमच्याचं माप फसवतं: लोंगजिंग हलका, गोळीदार ‘गनपावडर’ चहा जड. वेळ झाली की सगळं पाणी गाळून घ्या. थोडं जरी पानांवर राहिलं तरी पुढचा कप कडू होतो. तीच पानं आणखी दोनदा चालतात, दर वेळी मिनिटभर जास्त ठेवून. पहिल्याच कपानंतर फेकणं म्हणजे निव्वळ नासाडी.

आपल्याकडे खरा घोळ पाण्याचा. विहिरीचं जड पाणी असलं तर चहा गढूळ आणि बेचव होतो. असं पाणी आधी उकळून निवू द्या, तळाशी पांढरा थर बसला की वरचं निथळून घ्या आणि तेच पुन्हा तापवा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र हा उपाय फुकट, कारण मीठ उकळून जात नाही. तिथं आरओ फिल्टरचंच पाणी घ्या.

जमलेला लोंगजिंग उकडलेल्या तुरीच्या शेंगांच्या आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या मधोमध कुठंतरी लागतो. साखर टाकली की ही चव गेलीच. उपाशीपोटी मात्र नको, मळमळतं.

पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मसाल्याच्या डब्यापासून लांब. हिंगाचा वास ती लगेच ओढून घेते.